बेट्टदपुरचे नारळ

अक्का, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी रडले-बिडले तर तुझा गैरसमज नको व्हायला.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तू म्हैसूरची. घरात जन्मभर मराठी बोललीस, पण अक्षर ओळखायचीस ते कन्नडच. मी निपाणीची, मराठी शाळेत सातवी झालेली. म्हणून या घरात धाकटी जाऊ होऊन आल्यापासून 'शकू, हे काय लिवलंय वाच गे' म्हणत लग्नपत्रिकांपासून भजनाच्या वहीपर्यंत सगळं माझ्यापुढे टाकायचीस. हेही मीच वाचून दाखवलं असतं. मधेमधे गाळलं असतं, आणि मी गाळलं ते तुला बरोबर कळलं असतं.

लोक अजून येतायत. बसतात, चहा घेतात, तुझ्या हातच्या ब्लाउजची आठवण काढतात. 'काखेत कधी ओढलं नाही हो,' म्हणतात. मग जरा पुढे सरकून, आवाज खाली करून विचारतात, 'नक्की हार्टच ना?' परवा एकीला मी म्हटलं, 'डाक्टरचा कागद आणून दाखवू का? हार्टच. सकाळी चहा पिऊन हूक लावायला बसली, मान खाली गेली, संपलं.' असं ठासून सांगितलं, आणि ती गेल्यावर माझंच मला कसंतरी झालं. हार्ट म्हणजे अब्रूचं मरण आणि तू ज्या आजाराशी अर्धा जन्म झगडलीस तो बेअब्रूचा, असंच बोलले की मी! तू सुईवरची नजर न काढता म्हणाली असतीस, 'शकू, तू सुधारायची नाहीस.'

मी लग्न होऊन आले तेव्हा राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन थोडेच दिवस झाले होते. पुढे चार-सहा वर्षांनी आपण म्हैसुरातच कुवेंपुनगरात राहायला आलो. निम्म्या साइटा रिकाम्या, त्यात गाई चरायच्या, आणि संध्याकाळी रस्त्यावर आपल्या दोघींशिवाय माणूस दिसायचं नाही. भावजी आणि आमचे हे, दोघे भाऊ मार्केटजवळच्या दुकानात पँट-शर्ट शिवायचे. आपण घरी, पुढच्या खोलीत. पाठीला पाठ लावून दोन मशिनी, एक तुझी, एक माझी. इतकी वर्षं मी तुझं तोंड कमी पाहिलं आणि पाठ जास्त. पाठीवरूनच कळायचं मला, आज बाई खुशीत आहे की नाही. निदान मला वाटायचं, कळतं म्हणून.

मग एका वर्षी दसऱ्याची शिलाई संपली आणि तू बसलीस ती उठेचनास. एक बाही जोडायचीस, उसवायचीस, परत जोडायचीस. एकच बाही, तीन दिवस. मग तेही थांबलं. केस विंचरेनास, जेवेनास. 'काय होतंय अक्का?' विचारलं की म्हणायचीस, 'काही होत नाही गे. तेच तर.' सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारायची, नवरा चांगला, मुलगा हुशार, स्वतःचं घर, हिला कमी काय आहे? भावजी शहाणा माणूस. त्यांनी कुणाला काही न विचारता तुला डाक्टरकडे, आस्पत्रेत न्यायचं ठरवलं.

ती सकाळ मला काल घडल्यासारखी आठवते. दारात ऑटो. तू आत एका कोपऱ्यात, पदर डोक्यावरून. भावजींच्या एका हातात फ्लास्क, काखेत तुझी उशी. ऑटोत जागा होती. मी बसले नाही. फाटक लावून घेत होते तर शेजारच्या जयम्मा कंपाउंडच्या भिंतीवरून कण्हेरीची फुलं काढता काढता डोकावल्या. 'एल्लिगे?' कुठे चाललात, एवढंच विचारलं बिचारीनं. आणि माझ्या तोंडून काही विचार न करता निघून गेलं, 'बेट्टक्के.' डोंगरावर. 'बेट्टदपुरला. अक्काचा नवस आहे. महिनाभर तिथेच राहणार, देवाची सेवा करायला.'

मी बेट्टदपुरचा डोंगर तोवर पाहिलासुद्धा नव्हता. पिरियापट्टणच्या बाजूला कुठेतरी उंचावर मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, एवढं सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं. नाव का सुचलं देव जाणे. जयम्मा एक क्षण बघत राहिल्या, आत गेल्या आणि एक नारळ घेऊन आल्या. 'अक्काकडे पोचव. देवापुढे ठेवायला सांग,' म्हणाल्या. 'काय मागू म्हणून सांगू?' मी विचारलं. 'देवाला कळेल,' म्हणाल्या.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना, माझ्या खोट्याच्या कपाळी नारळ आले! दुपारपर्यंत आपल्या गिऱ्हाइकांत बातमी झाली की टेलर अक्का महिनाभर डोंगरावर सेवेला बसलीय. कुणाच्या मुलाला नोकरी पाहिजे, कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाचा नवरा पितो. तू परत येईतो माझ्या कपाटाखाली सात नारळ जमले होते. मी मनात म्हटलं, चला, चटणीची सोय झाली.

आणि तू आलीस. बारीक झालेली, पण डोळ्यांत ओळख असलेली. कपाटाखाली बघून विचारलंस, 'हे काय?' मी सांगितलं. मला वाटलं, चिडशील. तू खाली बसलीस, एकेक नारळ हातात घेऊन कुणाचा कुणाचा ते विचारलंस आणि म्हणालीस, 'त्यांनी देवाला दिलेत गे. आपल्याला कसे ठेवता येतील?' 'अगं, पण तू तिथे नव्हतीसच!' 'मग आता जाऊ या.'

तुझ्या अंगात धड उभं राहायचं बळ नव्हतं, गोळ्यांनी हात थरथरायचे. पण चिंध्यांचं गाठोडं सोडलंस आणि त्यातून प्रत्येकीच्या ब्लाउजचा उरलेला तुकडा शोधून काढलास. जयम्मांचा जांभळा, पोस्टमास्तरीणबाईंचा हिरवा कांजीवरम. ज्याच्या त्याच्या कापडाची पिशवी शिवलीस आणि नारळ त्यात घातलास. आस्पत्रेतून आल्यावर तू मशीनला पाय लावलास तो त्या पिशव्यांसाठी. कुणाचं नाव लिहायला नको, कापडच ओळख. दुसरी टेलरीण असती तर चिठ्ठ्या चिकटवल्या असत्या मेल्या.

मग आपण निघालो. पहाटेची बस, सात नारळ, तू आणि मी. त्या पायऱ्या, बाई गं! मी मोजायला लागले आणि तिसऱ्या शतकात नाद सोडला. मी शिव्या देत चढत होते आणि तू हसत होतीस, दोन महिन्यांनी पहिल्यांदा. वर वारा असा की पदर सांभाळू की पिशव्या सांभाळू. पुजाऱ्यानं विचारलं, संकल्प कुणाच्या नावानं? तू एकेक पिशवी पुढे करून सातही जणींची नावं सांगितलीस. तुझं सांगितलं नाहीस. खाली उतरताना मी विचारलं, 'आणि तू काय मागितलंस?' 'मी काय मागू? मी पोस्टमन.'

अशा चार वाऱ्या झाल्या आपल्या डोंगराच्या. चार वेळा तू आजारी पडलीस, चार वेळा मी जगाला सांगितलं बेट्टदपुर, आणि चारही वेळा परत आल्यावर तू मला ओढत नेऊन माझं खोटं खरं करून घेतलंस. कुणाला सांगू नये, पण त्या चार दिवसांइतकी सुखी मी माहेरीही नव्हते. ना सासू, ना गिऱ्हाइकं, ना 'आज संध्याकाळपर्यंत पाहिजेच हं'. पायथ्याशी हॉटेलात इडली खायचो आणि तू वार्डातल्या गोष्टी सांगायचीस. तिथली एक बाई रोज सकाळी सगळ्यांचे केस विंचरायची म्हणे, नर्सचेसुद्धा. 'तिथे बरं काय असतं माहितीय?' म्हणालीस. 'तुला काय कमी आहे, असं कुणी विचारत नाही. मशीन टाका सोडायला लागली की आपण कापडाला ओरडतो का गे? तसं तिथे ओरडत नाहीत.'

एकदा तू म्हणालीस, एवढं आलोच आहोत तर बैलकुप्प्याला जाऊ, तिबेटी लोकांचं देऊळ बघू. मी कुरकुरले, शिलाई पडलीय म्हटलं. पण गेलो. मोठ्या प्रार्थनेच्या खोलीत लामा मंडळी एका सुरात म्हणत होती आणि तू खांबाला टेकून झोपलीस. गोळीशिवायची झोप, तोंड किंचित उघडं. मी शेजारी बसून राहिले. बस गेली, पुढचीही गेली. एक छोटा लामा आला, तुझ्याकडे बघून हसला आणि पाण्याचा पेला ठेवून गेला. तू उठल्यावर मला म्हणालीस, 'उठवलं का नाहीस?' तेवढं एक काम मी तुझ्यासाठी धड केलं असं वाटतं.

कारण दुसरं नाही केलं. परतीच्या बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, 'डबा यायचा गे रोज. तू यायची नाहीस.' मी पटकन म्हटलं, 'गिऱ्हाइकं कोण बघणार होतं?' तू 'हं' म्हणालीस आणि विषय सोडलास. अक्का, गिऱ्हाइकं सासूबाई बघू शकल्या असत्या. मी चित्रान्नाचा भात करून द्यायचे, लिंबू जास्त, तुला आवडतं तसं, आणि भावजींच्या हाती पाठवायचे. कुणी मला त्या वार्डाच्या दारात बघितलं तर, याला भीत होते. चार वेळा तू तिथे राहिलीस, एकदाही मी आले नाही. याची माफी मागायची राहिली. मागायला गेले असते तर 'शकू, पुरे गे' म्हणून तू तोंड बंद केलं असतंस, म्हणूनही राहिली. आता ऐकून घे. चुकलं माझं.

तुझी माप घ्यायची पद्धत आठवतेय. इतर टेलर टेप घेऊन समोर उभे राहतात. तू मागून सुरू करायचीस, पाठ, खांदा, दंड, आणि टेप फिरवता फिरवता विचारायचीस, 'ऊटा आयता?' जेवलीस का? म्हैसुरात हे सगळेच विचारतात, नमस्कार म्हणावा तसं. पण तू उत्तराला थांबायचीस. मापाच्या वहीत जुनं माप बघायचीस, नवं बघायचीस, आणि कधी कधी नावापुढे पेन्सिलीनं एक टिंब द्यायचीस. 'ते टिंब कसलं?' मी विचारलं होतं. 'सुम्मे. असंच.' मला वाटायचं, डिलिव्हरी झाल्याची खूण असेल.

आता त्या एकादशीवर येते. तुझ्यावर मी का चिडलेय, तेही सांगितलं पाहिजे ना.

आपल्या विठोबाच्या देवळात बायकांचं भजन होतं. माझ्या मीनाचं हुबळीच्या लोकांशी जमत आलं होतं, सुपारी फोडायची बाकी, आणि त्या मुलाची मावशी दुसऱ्या रांगेत बसलेली. तुला माहीत होतं. भजन संपताना रुक्माकाकू नारळ घेऊन तुझ्यापुढे आल्या. म्हणाल्या, 'अक्का, एवढा बेट्टदपुरला पोचव. आमची सुधा बाळंत झाल्यापासून तिचं काही खरं नाही. बाळाकडे बघत नाही, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडते. तुझ्यावर त्या देवाची कृपा आहे. तू सुकून जातेस आणि ताजी होऊन येतेस, बघतो ना आम्ही.'

तू नारळ घेतला नाहीस. टाळ खाली ठेवलेस आणि अगदी 'बाही किती लांब ठेवू' विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणालीस, 'काकू, मी देवाकडे जाऊन बरी होत नाही. मी आस्पत्रेत असते. मनाच्या रोगाच्या वार्डात. चार वेळा राहून आलेय. रोज गोळी घेते. देवाला मी बरी झाल्यावर जाते, तुमचे नारळ द्यायला. सुधाला नारळ नको, डाक्टर पाहिजे. उद्या सकाळी मी येते, आपण तिला घेऊन जाऊ.'

तुझ्या डाव्या बाजूची बाई वीतभर सरकली. उजवीकडे मी होते. मी सरकले नाही, पण खरं सांगू? माझ्या पलीकडे खांब होता.

घरी येऊन मी भांडं आपटलं ते अजून पोचलेलं आहे, कोपऱ्यात पडलंय. 'माझ्या पोरीचं वाटोळं करायला हाच दिवस सापडला तुला? इतकी वर्षं झाकलं मी!' तू हातपाय धुऊन आलीस आणि म्हणालीस, 'तू झाकलंस गे, मी कुठे म्हटलं होतं झाक म्हणून?' 'मग बोलायचं होतंस तेव्हाच!' 'तेव्हा बोलायला बळ नव्हतं. आज होतं.' 'मीनाचं काय?' 'मीनाला दुसरा मुलगा मिळेल. त्या सुधाला दुसरा जीव मिळायचा नाही.'

आठ दिवसांत हुबळीहून निरोप आला, पत्रिका जुळत नाहीत. आधी जुळत होत्या, मग फिरल्या वाटतं ग्रहांच्या चाली! मी तुझ्याशी चार महिने बोलले नाही. पाठीला पाठ लावून शिवत होतो आणि निरोप मीनाबरोबर. 'मोठ्या आईला सांग, लाल दोरा संपलाय.' 'आईला सांग, तिच्याच पायाखाली पडलाय.' पोर हसून हसून बेजार.

तेवढ्या चार महिन्यांत तू सुधाला बारा वेळा डाक्टरकडे घेऊन गेलीस. रुक्माकाकू पहिल्या वेळी सोबत आल्या नाहीत, पाचव्या वेळी आल्या. मी खिडकीतून बघायचे. आणि एक दिवस सुधा बाळाला कडेवर घेऊन आपल्या दारात उभी राहिली, म्हणाली, 'काकू, दिवाळीचा ब्लाउज शिवायचाय.' तू टेप घेतलास आणि तुझे डोळे भरून आले. चार महिन्यांत तेव्हा पहिल्यांदा मी थेट तुझ्याशी बोलले. म्हटलं, 'माप मी घेते, तू बस.'

मीनाला दुसरा मुलगा मिळाला, चांगला मिळाला. त्यांना तर चहा यायच्या आधीच तू सांगून टाकलंस, 'आमच्या घरात मनाचा आजार आहे. तो मला आहे. विचारायचं ते विचारा.' मी आत पोह्यांच्या परातीपुढे कपाळाला हात लावून उभी. बाहेर मुलाची आई म्हणाली, 'आमच्या दिरांना आहे. कुणाला सांगायचं कळत नव्हतं.' आणि मग तुम्ही दोघी तासभर गोळ्यांबद्दल बोलत बसलात, मुलगी बघायचं राहिलं बाजूला.

तरीसुद्धा अक्का, मी अजून म्हणते, मला आधी सांगायला पाहिजे होतंस. देवळात जायच्या आधी एक शब्द. तू बरोबर होतीस हे कबूल, पण सांगितलं असतंस तर निदान खांबाच्या आधारानं न बसता तुझ्या बाजूनं बसता आलं असतं का मला, ते कळलं असतं. आता कधीच कळायचं नाही. हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस.

तुला नेलं तेव्हा सुधा सगळ्यात पुढे होती. आता शाळेत शिकवते, चष्मा लागलाय. सगळ्यांसमोर म्हणाली, 'मी आज आहे ती यांच्यामुळे.' कुणाला बरं वाटेल, कुणाला नाही, तिनं बघितलंच नाही. तू शिकवलेलं.

तेराव्यानंतर मीना म्हणाली, 'आई, तुझे ब्लाउज किती ढगळ झालेत, दोन शिवून देते.' तिनं टेप लावला आणि परत एकदा लावून बघितला. दंडाला दीड इंच कमी, छातीला दोन. मी म्हटलं, 'वय झालं की होतं.' ती तुझी मापाची वही घेऊन आली, माझं जुनं पान काढलं. आपल्या दोघींची मापंही तू वहीत ठेवायचीस, मला ठाऊक नव्हतं.

माझ्या नावापुढे टिंबं होती, अक्का. तीन.

मी मागची पानं काढली. सुधाच्या नावापुढे एक, त्या वर्षीचं. पोस्टमास्तरीणबाईंच्या पुढे एक, त्यांचा मुलगा गेला त्या साली. प्रत्येक टिंबाच्या वरचं जुनं माप खालच्या नव्यापेक्षा इंच-दोन इंच जास्त. बाई वाळत चालली की तू टिंब द्यायचीस. विसरू नये म्हणून. पुढच्या वेळी 'ऊटा आयता' जरा थांबून विचारायचं म्हणून. आणि मी त्याला डिलिव्हरी समजत होते.

माझं पहिलं टिंब हुबळीच्या वेळचं. आपण बोलत नव्हतो आणि तरी माझं माप घेतलं होतंस, मला आठवतंय, मी तोंड फिरवून उभी होते. दुसरं हे गेले तेव्हाचं. तिसरं गेल्या वर्षीचं, भावजी गेल्यावरचं. आम्ही सगळे तुझ्यासाठी धावत होतो, तुझ्या गोळ्या मोजत होतो, आणि तू माझं माप बघत होतीस. तीनही वेळा, पहिल्यांदा मीनाकरवी, विचारलं होतंस, 'शकू, बरी आहेस ना गे?' आणि तीनही वेळा मी म्हटलं होतं, 'मला काय धाड भरलीय!'

धाड भरलीय अक्का. एकवीस दिवस मी पहाटे तीनला उठून बसते. जेवण घशाखाली उतरत नाही. काल एक बाही जोडली, उसवली, परत जोडली. तिसऱ्यांदा उसवताना मला तुझी पाठ दिसली, त्या दसऱ्याची, आणि हातातली कात्री मी खाली ठेवली. चौथं टिंब मीच दिलं. तुझ्याच पेन्सिलीनं.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. मीना तिच्या घरून परस्पर आस्पत्रेच्या दारात येणार होती. माझ्यासाठी ऑटो बोलावला होता. फाटक लावून घेत होते तर पलीकडे जयम्मा. आता कमरेत वाकल्यात, पण कण्हेरीची फुलं काढायचं सोडलेलं नाही. भिंतीवरून डोकावल्या.

'एल्लिगे?'

तोंडात आलंच होतं. बेट्टक्के. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली. मी ते गिळलं आणि म्हटलं, 'आस्पत्रेला. मनाच्या डाक्टरकडे. झोप येत नाही जयम्मा, जेवण जात नाही.'

जयम्मांनी परडी भिंतीवर ठेवली. 'मग उशी नाही घेतलीस?' म्हणाल्या.

'उशी?' मी विचारलं.

'त्या दिवशी तुझ्या भावजींच्या काखेत उशी होती. देवाला जाणारं माणूस उशी घेऊन जातं का? मला तेव्हाच कळलं. पण तू बेट्ट म्हणालीस. मी काय बोलणार? आत गेले आणि नारळ घेऊन आले. तिच्यासाठीच होता तो. पुढचेही माझे सगळे तिच्यासाठीच होते.'

जांभळ्या पिशवीतला नारळ, अक्का. तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस म्हणून मी कुरकुरत होते, आणि दर वेळी तुझाच नारळ तू आपल्या हातांनी वर नेत होतीस. मी भिंतीला धरून रडले. सगळ्या रस्त्यानं बघितलं, बघू दे.

ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. मी डोळे पुसून वळले तर जयम्मांनी माझा हात धरून ठेवला. आवाज खाली करून म्हणाल्या, 'कुठल्या दिवशी बसतात ते डाक्टर?'

मी कुणासाठी म्हणून विचारलं नाही. 'सोमवारी आणि गुरुवारी,' म्हटलं. 'गुरुवारी मी परत जाणार आहे. ऑटोत जागा असते. आपण दोघी एकदमच जाऊ.'